शनिवारी दहाची पाळी

तोसोनी मास्तरांच्या वाइनबद्दल सान तादेओ गावात दोन मतं होती. एक मास्तरांचं आणि दुसरं उरलेल्या गावाचं.

मास्तरांचं मत असं, की घरामागच्या मांडवावरची तांबूस द्राक्षं, ती आपल्याच अंगणात, आपल्याच टाकीत, आपल्याच पायांनी तुडवून केलेली ही वाइन म्हणजे मेंडोझा प्रांताच्या मातीचा खरा आवाज. गावाचं म्हणणं, आवाज असेल बुवा, पण तो सॅलडमध्ये जरा बरा लागतो. शेजारच्या पोरोताबाई ती कोंबडी मुरवायला नेत. कोपऱ्यावरचा सायकलवाला गंजलेले बोल्ट सोडवायला अर्धी बाटली मागून घेऊन गेला, आणि वर येऊन सांगून गेला की बोल्ट सुटले. मास्तरांनी ते कौतुक समजून घेतलं. निवृत्त माणसाला मिळेल ते कौतुक घ्यावं लागतं.

आता एवढ्यावर भागलं असतं तर आजन्म भागलं असतं. पण मास्तरांना एक मेहुणा होता.

वाल्तेर हा मास्तरांच्या बायकोचा, नीदियाबाईंचा, धाकटा भाऊ. शहरात जाऊन तीन शनिवार वाइन चाखण्याचा वर्ग करून आला होता. तेव्हापासून तो वाइन प्यायचाच बंद झाला; तो ती उजेडात धरायचा, गरागरा फिरवायचा, नाक खुपसायचा आणि मग दुःखी व्हायचा. रविवारी मास्तरांच्या अंगणात नेहमीप्रमाणे शेगडीवर मांस भाजलं, सगळे जेवले, आणि वाल्तेरनं मास्तरांच्या वाइनचा एक घोट घेऊन ग्लास हळूच खुर्चीखाली ठेवला. खुर्चीखाली कुत्रं होतं. ते उठून दुसरीकडे जाऊन बसलं.

"मास्तर," वाल्तेर म्हणाला, "आता हा मांडव काढू या."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"काढू या म्हणजे?"

"म्हणजे काढू या. इथे पादेलचं, त्या काचेतल्या टेनिसचं, मैदान बसतं बरोब्बर. काचेच्या भिंती, हिरवी जमीन, वर दिवे. अख्खा प्रांत पादेल खेळतोय आणि आपण द्राक्षं तुडवतोय. मी माणूस बघून ठेवलाय. सोमवारी माप घ्यायला येतो म्हणाला."

जागा नीदियाबाईंच्या वडलांची. अर्धी बाईंच्या नावावर, अर्धी वाल्तेरच्या. पण मांडव मात्र मास्तरांनी आणि नीदियाबाईंनी लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून लावलेला. खड्डे मास्तरांनी खणले होते, वाकडे, आणि नीदियाबाईंनी ते सरळ करून घेतले होते. मुलं त्याच्याखाली रांगली. दुपारच्या झोपा त्याच्याखाली झाल्या. त्याच्या जागी काचेच्या भिंती, आणि त्या भिंतींवर दिवसभर धपाधप चेंडू! मास्तरांना नुसत्या कल्पनेनं दरदरून घाम फुटला.

"ही वाइन लोक मिटक्या मारत पितील," ते ताडकन म्हणाले. "फक्त दर्दी माणसं पाहिजेत. तुझ्यासारखी नव्हेत."

"मिटक्या?" वाल्तेर हसून हसून लाल झाला. "बरं, तसं तर तसं. ती पाहुण्यांची छोटी गाडी हिंडते ना दर शनिवारी, पाच-सहा जण घेऊन लहान लहान बागा दाखवत? बोलवा त्यांना. एक माणूस, मास्तर, एकच, अगदी कोणीही! आपल्या तोंडानं दुसरा ग्लास मागू दे. मी पादेलचं नाव काढणार नाही आणि माझा हिस्साही ताईच्या नावावर करून देतो."

"आणि नाही मागितला तर?"

"तर मांडवावर पाणी सोडा."

"शब्द दिलास हं, वाल्तेर," नीदियाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या. त्या फार बोलत नसत. पण हे बोलताना त्यांनी ताटं परत खाली ठेवली होती, हे मास्तरांनी पाहिलं.

झालं. सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेच्या इमारतीत हजर झाले.

आमच्या गावात कालव्याची कचेरी आणि पर्यटनाची कचेरी एकाच दालनात आहेत, दोन खिडक्यांत. एरवी वर पाट्या असतात. पण त्या आठवड्यात भिंतींना रंग लावायचं काम चाललं होतं आणि पाट्या काढून एका कोपऱ्यात पालथ्या ठेवल्या होत्या. दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं. पण मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. भूगोलाच्या माणसानं रस्ता विचारायचा म्हणजे काय! त्यांनी शांतपणे लांबलचक रांग निवडली. जिथे गर्दी तिथे महत्त्वाचं काम, हा त्यांचा हिशेब.

रांगेत सगळे चिखलाच्या बुटांचे शेतकरी. मास्तरांना भरून आलं. बघा, गाव किती पुढे गेलंय! एवढ्या सगळ्यांना पाहुणे हवेत!

"तुम्हालाही पाळी पाहिजे का मास्तर?" पुढच्या माणसानं विचारलं.

"हो. शनिवारची मिळाली तर बरं."

"नशीब असेल तर मिळेल. मला मागच्या खेपेला रात्री दोनची दिली."

मास्तर हादरले. "रात्री दोनची? मग हो?"

"मग काय करता? उठलो, बायकोला उठवलं, गमबूट चढवले आणि कंदील घेऊन बाहेर उभे राहिलो दोघं."

"अरे अरे अरे. आणि आलं गिऱ्हाईक?"

"कोण?" त्या माणसाला ऐकू जरा कमीच येत असे. "आलं ना. पण वरच्याच्या बागेत शिरून अर्धं तिथेच मुरलं."

मास्तरांनी मान हलवली. वरच्याची वाइन चांगली असते हे त्यांना माहीत होतं.

आता कोणी म्हणेल, हा माणूस मेंडोझात जन्मला, इथे बारा महिने पाऊस नाही, कालव्याच्या पाळीवर अख्खं गाव जगतं, आणि याला पाळी म्हणजे पाण्याची पाळी हे कळू नये? त्याला कारण आहे. मास्तरांच्या घरी पाण्याचं खातं पहिल्यापासून नीदियाबाईंकडे. पाणी कधी येतं, दारं कुठं मोडायची, कुठं बांधायची, ते सगळं त्या आणि पाटकरी आटिलिओ बघत. मास्तरांनी कालवा शिकवला होता, फळ्यावर, निळ्या खडूनं.

खिडकीपाशी किरोगासाहेब बसले होते. घड्याळात एक वाजायला थोडा वेळ उरला होता. एक वाजला की शटर खाली येतं आणि गाव झोपतं, मग पाच वाजेपर्यंत प्रत्यक्ष पोप आले तरी त्यांना कट्ट्यावर बसावं लागेल. म्हणून किरोगासाहेब घाईत होते.

"काय पाहिजे?"

"पाळी. शनिवारी सकाळी दहाची."

किरोगांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऐन तोडणीच्या तोंडावर?"

"तेव्हाच तर. मांडव लगडलेला असतो. बघायला किती छान!"

"बघायला," किरोगा म्हणाले. ते बराच वेळ या खुर्चीवर होते, पण बघण्यासाठी पाणी मागणारा त्यांना पहिलाच भेटत होता. मास्तर आहेत, त्यांचं काहीतरी शैक्षणिक असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. "बरं. आटिलिओ घेऊन येईल."

"आटिलिओ? हल्ली हेही तोच करतो?"

"तोच तर करतो. हळूहळू सोडायला सांगू की एकदम?"

मास्तरांनी विचार केला. एकेक पाहुणा मोजून सोडणं बरं दिसणार नाही. "एकदमच सोडा. होऊन जाऊ दे."

शटर खाली आलं. मास्तर विजयी मुद्रेनं बाहेर पडले आणि बेकरीपाशी त्यांना मिलाग्रोस भेटली. मिलाग्रोस म्हणजे पर्यटनाच्या कचेरीतली कारकून. गाडीची चालकही तीच, पाहुण्यांना माहिती सांगणारीही तीच, आणि कचेरीत केर काढायला कोणी नसेल तर तेही तिच्याच गळ्यात.

"काय मास्तर, आज इकडे?"

"शनिवारी दहाची पाळी मिळाली मला!" मास्तर म्हणाले.

"पाहुण्यांची? मला कोणी सांगितलंच नाही." मिलाग्रोसनं सुस्कारा सोडला. "आमच्या कचेरीत मला कोणी काही सांगतच नाही. बरं, येते घेऊन. पाच जण आहेत. एक फ्रान्सचे आहेत, वाइनवर लिहितात म्हणे."

फ्रान्सचे! मास्तर घरी गेले ते तरंगतच.

ही बातमी पोरोताबाईंना कळली म्हणजे गावाला कळली. मग जो तो सल्ला द्यायला यायला लागला. कोणी म्हणालं ग्लास पातळ काचेचे पाहिजेत, कोणी म्हणालं वाइन आदल्या दिवशी उघडून ठेवा, कोणी म्हणालं अजिबात उघडूच नका. पोरोताबाई तर मांडवाखाली खुर्ची टाकूनच बसल्या.

"आणि थुंकायला भांडं लागेल," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"दर्दी लोक गिळत नाहीत. तोंडात घोळवतात आणि थुंकतात. माझ्या भाच्यानं पाहिलंय."

"माझी वाइन थुंकणार?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. चांगली असली तरी थुंकतात. वाईट असली तर जोरात थुंकतात."

शेवटी कढी करायचं पितळी पातेलं... नाही, आमच्याकडे कढी कसली! मक्याची खीर करायचं पितळी पातेलं त्या कामाला ठरलं, आणि नीदियाबाईंनी बजावलं की त्यानंतर ते पातेलं घरात घ्यायचं नाही.

मास्तरांनी दोन दिवस बाजारातल्या महागड्या बाटल्यांच्या मागचा मजकूर पाठ केला. बोलायचे शब्द नकोत का? रात्री जेवताना ते मोठ्यानं म्हणून पाहत, "हिच्यात पिकलेलं आलुबुखार, तंबाखू आणि जुन्या चामड्याचा भास आहे."

"चामडं?" नीदियाबाई म्हणाल्या. "तुडवताना पाय नीट धुतले होतेस ना?"

शनिवार उजाडला तोच तापलेला. नऊलाच सावली शोधावी लागत होती. मांडवाखाली पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर उसने पातळ ग्लास, बाजूला खिरीचं पातेलं आणि मधोमध बुधल्यातून काढलेल्या वाइनच्या बाटल्या. वर घोसच्या घोस लटकत होते. वाल्तेर सकाळीच आला होता. नवी पांढरी गाडी त्यानं मांडवाच्या कडेला, सखल जागेत, सावली बघून लावली, नवे पांढरे बूट झटकले, खिशातून मोजायची पट्टी काढली आणि मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पट्टी ताणत तो शीळ घालू लागला. त्या शिळेनं मास्तरांचं डोकं तडकलं होतं.

दहाची मंडळी साडेदहाला आली, म्हणजे वेळेवर आली. ब्वेनोस आयरेसचे एक नवराबायको होते, राजधानीच्या माणसांसारखे खणखणीत बोलणारे. डोंगरापलीकडच्या चिले देशातून आलेल्या दोघी प्रौढ बहिणी होत्या, ओर्तेन्सिया आणि रेबेका, दोघींच्या हॅट सारख्या. आणि फ्रान्सचे मस्यू बेर्त्रां, उंच, फिकट, पांढऱ्या पँटीतले, गळ्यात पेन अडकवलेले.

मास्तरांनी ओतली. आणि आवाज लावला. आलुबुखार झालं, तंबाखू झाला. चामडं त्यांनी ऐनवेळी गाळलं.

मस्यूंनी ग्लास फिरवला. वास घेतला. परत घेतला. "कोणत्या वर्षाची?"

"मार्चची," मास्तर म्हणाले.

मस्यूंनी घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले, उघडले आणि पातेल्याकडे वळून अत्यंत सभ्यपणे थुंकले. मास्तरांना वाटलं, आपल्यावरच थुंकले.

"वेगळी आहे," मस्यू म्हणाले.

राजधानीच्या बाईंनी विचारलं, साधं पाणी मिळेल का. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, की त्यांच्या एका मित्राचं पोट अशाच एका वाइननं... पण बाईंनी त्यांना कोपर मारलं. ओर्तेन्सियाबाई गोड हसून म्हणाल्या, "अशी आमच्याकडेही होते हो. आम्ही ती कुणाला देत नाही." मांडवाच्या टोकाला वाल्तेरची शीळ आणखी सुरेल झाली.

मास्तर कोमट बाटली हातात धरून उभे होते. पाचही ग्लास जवळजवळ भरलेले. दुसरा ग्लास कुठला, पहिलाच संपत नव्हता! त्यांनी वर मांडवाकडे पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं. डोळ्यांत पाणी आलेलं पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

तेवढ्यात नीदियाबाई स्वयंपाकघरातून मास्तरांना नावानं हाका मारत धावत आल्या. "एवारिस्तो! पाणी!"

"देतो, देतो. बाईंनी मागितलंय, आत्ताच देतो."

"अरे ते पाणी नव्हे! पाणी!"

सान तादेओत घड्याळाबरहुकूम चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कालवा. आटिलिओनं वरचं दार दहाच्या ठोक्याला उघडलं होतं. तिथून घरापर्यंत यायला लागतो तेवढाच वेळ पाण्याला लागला. आणि आता ते आलं. डोंगरातल्या बर्फाचं, गढूळ, थंडगार, एकदम सोडलेलं. कुंपणाखालून आत घुसलं, टेबलाच्या पायांना वेढा घातला आणि राजधानीच्या बाईंच्या सँडलमधून आरपार निघून गेलं. बाई किंचाळल्या. खिरीचं पातेलं उचललं गेलं आणि हळूहळू तरंगत वाल्तेरच्या दिशेनं निघालं.

मागोमाग खांद्यावर फावडं टाकून आटिलिओ आला. टोपी काढून म्हणाला, "मास्तर, तुमची दहाची पाळी."

"माझी?"

"किरोगासाहेब म्हणाले, मास्तरांनी मुद्दाम मागून घेतलीय. एकदम सोड म्हणाले. बघायला."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या डोक्यात सोमवारची रांग सरसर उलगडत गेली. रात्री दोनची. गमबूट. वरच्याच्या बागेत मुरलं. त्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण धरणी आता नुसताच चिखल झाली होती.

"बंद कर रे बाबा!" ते ओरडले.

"असं कसं?" आटिलिओ दुखावला. "पाणी नको म्हणता? आलेलं पाणी? लोक काय म्हणतील? आणि आता वरून सोडलंय ते सोडलंय, खालच्याची दारं बांधलेली आहेत. तुमच्यातच जिरणार."

नीदियाबाई घोसांकडे पाहत होत्या. तोडणीच्या आधी आम्ही बागेला पाणी तोडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "संपलं," त्या म्हणाल्या. "आता फुगतील आणि दोन दिवसांत फुटतील सगळी. आजच्या आज तोडली तर तोडली. माणसं कुठून आणू मी शनिवारी?"

"तोडायला कशाला हवीत, ताई?" वाल्तेर कोरड्या दगडावर उभा राहून म्हणाला. "असाही मांडव जाणारच आहे."

ते ऐकलं मात्र, आणि मास्तरांच्या आत काहीतरी खटकन जागेवर बसलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि फाटकापर्यंत पोचेल अशी जोरात टाळी वाजवली. चाळीस पोरांचा वर्ग त्या टाळीनं चिडीचूप होत असे. पाच पाहुणे म्हणजे किस झाड की पत्ती.

"मंडळी!" ते गरजले. "वाइनचा पहिला भाग संपला. आता दुसरा भाग. बूट काढा. पँटी गुडघ्यापर्यंत वर घ्या. नीदिया, कात्र्या आण, क्रेट आण! दोन रांगा करा, उंच माणसं मागे!"

"हे कार्यक्रमात आहे?" मस्यूंनी मिलाग्रोसला विचारलं.

"असणार," मिलाग्रोस बूट काढत म्हणाली. "मला कोणी काही सांगत नाही."

आणि काय सांगू तुम्हाला! त्या उकाड्यात ते बर्फाचं पाणी पायांना लागलं मात्र, राजधानीच्या बाईंच्या तोंडून असा काही "आहाहा" निघाला, की पोरोताबाई कुंपणापलीकडून धावत आल्या. मस्यूंचे पाय जन्मात ऊन न पाहिलेले, दुधासारखे पांढरे, पण घोस काय नजाकतीनं कापत होते! चिलेच्या बहिणींनी पाहिलं की राजधानीच्या गृहस्थांचा क्रेट आपल्या आधी भरतोय, त्याबरोबर त्यांनी हॅट फेकल्या. "हे आम्हाला शिकवणार?" ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, आणि मग दोन देशांत जी चुरस लागली ती थांबेना. गृहस्थ धापा टाकत सूचना देत होते, बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "तोंड बंद आणि कात्री चालू." आटिलिओ दारं धरून पाणी वळवत होता. पोरोताबाई पाण्यात खुर्ची टाकून प्रत्येकाला सांगत होत्या, की तुम्ही चुकीचं तोडताय. मस्यू मध्येच एक घोस तोंडात पिळून मोठमोठ्यानं हसू लागले, आणि मग ते थुंकले नाहीत.

वाल्तेर अजून दगडावर होता. पण इतक्यात त्याची नवी गाडी, सखल जागेत, सावली बघून लावलेली, एखाद्या म्हशीसारखी सावकाश चिखलात बसली. तो हाय खाऊन धावला. पहिल्या पावलाला एक पांढरा बूट गेला, दुसऱ्या पावलाला दुसरा. गाडी ढकलून ढकलून तो कमरेपर्यंत माखला, पण ती हलेना.

नीदियाबाईंनी त्याच्या हातात कात्री दिली. "अर्धा हिस्सा आहे ना तुझा? मग अर्धा तोड. गाडी नंतर काढू."

"ताई, मी..."

"वाल्तेर!" मास्तर तिकडून ओरडले. "मागे बोलणं नाही!"

आणि वाल्तेर, जो सातवीत दोन वर्षं याच आवाजाखाली बसला होता, निमूटपणे कापायला लागला.

दुपारी शेवटचा घोस खाली आला. क्रेटच्या उतरंडी लागल्या. सगळे चिखलानं बरबटलेले, द्राक्षाच्या रसानं चिकट झालेले, उलट्या क्रेटवर पाय पाण्यात सोडून बसले. कोणाच्या तोंडात थुंकीसुद्धा उरली नव्हती. आणि नीदियाबाई आतून आल्या. एका हातात मास्तरांच्या वाइनचा थंड केलेला जग, दुसऱ्या हातात सोड्याचा सायफन, काखेत बर्फाचं भांडं.

रोज दुपारी आम्ही अशीच पितो, अख्खा प्रांत पितो. पण परक्या दर्दी माणसासमोर, पेन लटकवलेल्या फ्रान्सच्या माणसासमोर, वाइनमध्ये सोडा? मास्तर खुणा करत होते, मान हलवत होते. नीदियाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. सवयीच्या हातानं त्यांनी जाड काचेचे पेले अर्धे भरले, बर्फ टाकला आणि फस्स करून सोडा सोडला. पेले गुलाबी होऊन फेसाळले. वाल्तेरच्या हातातही एक पेला आला.

मस्यूंनी पेला पाहिला. वास घेतला नाही. फिरवला नाही. वर उचलला तो खाली ठेवला तेव्हा त्यात नुसता बर्फ होता.

मस्यूंनी मिशा पुसल्या, नीदियाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "मादाम, आणखी मिळेल?"

पोरोताबाईंनी किंकाळी फोडली. मास्तर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले.

"थांबा!" वाल्तेर ओरडला. "हे धरायचं नाही! हे चालणार नाही!"

"का चालणार नाही?" मास्तरांना श्वास पुरेना. "कोणीही म्हणालास! एक माणूस म्हणालास!"

"वाइनचा ग्लास म्हणालो होतो! हा वाइन नाही प्यायला, सोडा प्यायला!" वाल्तेरनं आपल्या पेल्यातला घोट घेतला. "उन्हात राबवलंत त्याला तीन तास! गाढवानंसुद्धा मागितला असता!"

"गाढव कोणाला म्हणाले ते?" मस्यूंनी विचारलं.

"तुम्हाला नाही," मिलाग्रोस म्हणाली. "बहुतेक."

राजधानीचे गृहस्थ पुढे सरसावले. "पैजेत सोड्याचा उल्लेख होता का? नव्हता? मग झालं तर."

"तुम्ही मध्ये पडू नका हो!" वाल्तेरनं आणखी एक घोट घेतला. "मी वर्ग केलाय याचा. सोडा घातला की कुठलीही वाइन खपते! खरी वाइन ओळखायची तर ती नुसती प्यावी लागते. नुसती! आणि नुसती मागितली का कोणी? सांगा ना! सकाळी पाच ग्लास भरले, पाचही तसेच राहिले, मी डोळ्यांनी पाहिलंय!"

ते खरं होतं. मास्तरांनी नीदियाबाईंकडे पाहिलं, नीदियाबाईंनी मांडवाकडे पाहिलं. मस्यू काही बोलायला गेले, पण त्यांना इथल्या भाषेत तेवढ्या वेगानं भांडता येत नव्हतं. चिलेच्या बहिणींनी एकमेकींचा हात धरला.

वाल्तेरला आता चेव चढला होता. बोलता बोलता त्यानं पेल्याचा तळ गाठला, बर्फ चावला, आणि घसा कोरडा पडला म्हणून, न बघता, रिकामा पेला ताईच्या पुढे धरला. "हं, ओत अजून थोडी. तर मी काय म्हणत होतो, की वाइनची खरी परीक्षा..."

नीदियाबाईंनी जग वाकडा केला. पेला भरत आला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं सायफन उचलला आणि अगदी सहज विचारलं, "सोडा घालू?"

"नको गं, नुसतीच दे. सोड्यानं चव मरते हिची."

आटिलिओचं फावडं अर्ध्यावर थांबलं. वाल्तेरनं आपल्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग ताईकडे. मग पुन्हा पेल्याकडे, आणि चिखलाच्या आतून त्याचा चेहरा हळूहळू वाइनच्या रंगाचा होत गेला.

मास्तरांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. दोन्ही हात पाठीमागे बांधले. आणि आयुष्यात कधी लागला नव्हता इतका गोड आवाज त्यांना लागला.

"वाल्तेर, बाळ, उभा राहा. आणि आत्ता काय मागितलंस ते मोठ्यानं म्हण. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

वाल्तेर क्रेटवरून उठून उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं म्हटलं.